पाऊण नंबराचा कुरल

बांधवाले काका खुर्चीत बसले, डावा डोळा तळहातानं झाकला आणि भिंगीनं तक्त्यावरचा दिवा लावायच्या आत शेवटची ओळ म्हणून मोकळे झाले.

"म, ल, घ, प, र, ज. झालं. आता दुसरा डोळा."

"काका, अजून दिवा लावला नाही मी."

"ते तुझं काम. माझं उत्तर बरोबर आहे की नाही, एवढं सांग."

उत्तर बरोबर होतं. असणारच होतं. चष्म्याच्या दुकानातला हा तक्ता भिंगीच्या वडिलांनी तीस वर्षांत बदललेला नव्हता, आणि काका गेली नऊ वर्षं, दर हंगामात पीक निघालं की, याच खुर्चीत बसून डोळे तपासून घेत आले होते. भिंगीचं खरं नाव वेगळं होतं. लहानपणी ती प्रत्येक गोष्ट डोळ्यांजवळ नेऊन त्यातली खोट काढायची म्हणून वडिलांनी तिला भिंगी म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे ते गिऱ्हाइकांच्याही तोंडी बसलं. वडील जाऊन चार महिने झाले होते. दुकान आता ती चालवत होती. त्यांचं उंच स्टूल तिनं अजून खाली केलं नव्हतं, त्यामुळे काच घासताना तिचे पाय अधांतरी लोंबकळायचे.

तिनं तक्ता उलटा केला. मागच्या बाजूला आकडे होते.

"ही फसवणूक आहे," काका म्हणाले.

"तिसरी ओळ वाचा."

"तीन. नाहीतर आठ. तुला सोयीचं असेल ते लिही."

"आणि पुढचा?"

"पुढे कोणीतरी माशी मारून ठेवलीये."

भिंगीनं चाचणीच्या जाड काळ्या फ्रेममध्ये एकेक काच घालून बघितली. काकांचा लांबचा नंबर चांगलाच वाढलेला निघाला. त्यांच्या नाकावरचा जुना चष्मा तिनं यंत्रावर मोजला आणि तिला नवल वाटलं. तो एवढा कमी होता की एका वर्षात इतका फरक पडणं शक्यच नव्हतं.

"काका, रस्त्यात समोरून कोण येतंय ते ओळखू येतं का तुम्हाला?"

"येतं की. माणूस चालीवरून ओळखायचा असतो. चेहऱ्यात काय आहे? नाक, डोळे, सगळ्यांना तेच." त्यांनी फ्रेम काढून टेबलावर ठेवली. "सोमवारपर्यंत दे. बांधावरच घेऊन ये. सोमवारी फळी काढतोय."

भिंगीचा हात थांबला.

काकांच्या सखल शेतात पीक निघाल्यावर धसकटं कुजायला पाणी कोंडून ठेवत. पाण्याच्या तोंडाशी लाकडी फळी बसवलेली असे. फळी उचलली की दोन दिवसांत शेत कोरडं, आणि तिसऱ्या दिवशी नांगर. पण त्या घोटाभर पाण्यावर आणि चिखलावर नेमक्या याच दिवसांत उत्तरेकडून हजारो कोस उडत आलेले पक्षी उतरत. तुतवार, चिखल्या, क्वचित चार शेकाट्या. पोट भरून, दम खाऊन पुढे जात. भिंगीचे वडील त्यांच्यासाठी वेडे होते. त्यांच्या सांगण्यावरून काका गेली अकरा वर्षं फळी दोन आठवडे उशिरा काढत, आणि त्यापायी पुढची पेरणी दोन आठवडे मागे पडली तरी तक्रार करत नसत.

"काका, अजून दोन आठवडे राहू द्या ना. दरवर्षी ठेवता."

"दरवर्षी कुरल येतो म्हणून ठेवतो. तसा करारच आहे. तो बाकदार चोचीचा मोठा पक्षी उतरला की फळी राहणार, नाही उतरला तर निघणार. यंदा तो येणार नाही."

"कशावरून?"

"नाही येणार," काका म्हणाले, आणि छत्री घेऊन निघून गेले.

संध्याकाळी भिंगीनं वडिलांची पक्ष्यांची वही काढली. प्रत्येक वर्षाचं प्रत्येक पान चाळलं. तुतवार एकशे चाळीस. चिखल्या साठ. शेकाट्या चार, पैकी एक लंगडी. कुरल मात्र अकरा वर्षांत एकदाही नव्हता. मग तिनं काकांचं तपासणीचं कार्ड शोधलं. त्यावर दर वर्षापुढे दोन आकडे होते. पेन्सिलीत बारीक अक्षरात दोन, आणि त्याखाली शाईत सव्वा. पेन्सिलीत सव्वादोन, शाईत दीड. ज्या माणसानं पाव नंबरासाठी गिऱ्हाइकाला तीन हेलपाटे घालायला लावले होते, त्यानं एका माणसाला नऊ वर्षं जाणूनबुजून पाऊण नंबर कमी दिला होता.

वही आणि कार्ड घेऊन ती वरच्या मजल्यावर आत्याकडे गेली. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, आणि आयुष्यात कधी कोणाला घाबरलेली नसलेली. तिनं कार्ड पाहिलं, वही पाहिली, आणि उठून कपाटातून टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू आणली.

आत लाकडाचा कुरल होता.

अंग मोडक्या खुर्चीच्या पाठीतून कोरलेलं. चोच म्हणजे छत्रीची वाकवलेली काडी. पाय लोखंडी सळ्यांचे, खाली टोक काढलेले. पंखांवर एकेक पीस रंगवलेलं.

"रंग माझा," आत्या म्हणाली. "दरवर्षी एक हात मारते. यंदा मारला नाही. कोणासाठी मारायचा?"

भिंगीनं चोचीच्या टोकाला बोट लावून बघितलं.

"असं झालं," आत्या सांगू लागली. "दादा पहिल्यांदा त्या बांधवाल्याला बांधावर घेऊन गेला, तेव्हा शेतात दोनशे पक्षी होते. दादा दाखवतोय, ते बघा, हे बघा. आणि तो म्हणतो, कुठं? मला तर ढेकळं दिसतायत. ढेकळांसाठी मी पेरणी थांबवू? तेव्हा त्याला चष्मा नव्हता, आणि चष्मा लाव म्हटलं तर अंगावर यायचा. दादा घरी आला तो तणतणत. म्हणाला, याला दिसेल असा मोठा पक्षी पाहिजे. आठ दिवसांत केला."

"आणि नंतर काका चष्म्यासाठी आले."

"दोन वर्षांनी आला. तिथंच घोटाळा झाला ना. बरोबर नंबर द्यावा तर लाकूड ओळखणार."

"मग खरं सांगून टाकायचं. बरोबर चष्मा लावल्यावर खरे पक्षीच दिसले असते की त्यांना. लाकडाची गरजच नव्हती."

आत्यानं तिच्याकडे दयेनं पाहिलं. "हे दादाला कळत नव्हतं असं वाटतं तुला? अगं, त्याला मजा यायला लागली होती. पहाटे गमबूट घालून जायचा, पक्षी रोवून यायचा, अंघोळ करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि नऊ वाजता पुन्हा बांधावर. अहो, आला बघा तुमचा पाहुणा. घरी येऊन मला नक्कल करून दाखवायचा."

भिंगीला हसू आलं आणि त्या हसण्याचा तिला रागही आला. तिच्या वडिलांनी शेतकऱ्याला फसवलं होतं. वहीला फसवलं नव्हतं, एवढीच काय ती त्यांची लाज.

"आपण रविवारी रोवू," आत्या म्हणाली. "रंग मी शनिवारी लावते. तू चष्मा कर. दीड नंबरचा."

"पक्षी रोवीन. खोटा चष्मा नाही करणार."

"मग दोन्ही कर आणि दोन खिशांत ठेव. बांधावर गेल्यावर ठरव. ऐन वेळी मन बदललं, तर हाताशी असलेला बरा."

आत्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचं घरात कोणाला आठवत नव्हतं. भिंगीनं दोन्ही चष्मे केले. एकसारख्या दोन तपकिरी फ्रेमा, एकसारख्या दोन डब्या. खऱ्या नंबराच्या डबीवर तिनं नखानं एक ओरखडा काढून ठेवला.

रविवारी उजाडता उजाडता दोघी बांधावर पोचल्या. भिंगीच्या पायांत वडिलांचे गमबूट होते, दोन मापं मोठे, आत कापड कोंबलेलं. आत्या बांधावर उभी राहून सेनापतीसारखा हात दाखवत होती.

"मधोमध जा. अजून पुढे. तिथं नको, तिथं खड्डा आहे."

"तुला काय माहीत?"

"दादा सांगायचा."

पाण्यातल्या पहिल्याच पावलाला आजूबाजूचं सगळं शेत उठलं. शेकडो छोटे पक्षी बारीक शिट्ट्या घालत वर गेले, एकदम वळले, आणि त्यांची पांढरी पोटं एका क्षणी चमकून विझली. दूरच्या कोपऱ्यात ते पुन्हा उतरले. भिंगी त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिचा उजवा बूट चिखलानं धरला. तिनं पाय ओढला, पाय आला, बूट राहिला. मग ती पडली, सावकाश आणि पूर्ण, कुरल दोन्ही हातांनी डोक्यावर धरून.

"रंग ओला आहे अजून," आत्या बांधावरून म्हणाली. "सांभाळ."

"मी ठीक आहे, आत्या."

"तू ठीक आहेस ते दिसतंय मला."

बूट हातानं उपसून, तो घालून, तोंडातला चिखल थुंकून भिंगीनं मधोमध सळ्या रोवल्या. चोचीचा बाक बांधावरून नीट दिसावा म्हणून तिनं पक्ष्याची कूस बांधाकडे आणि शेपूट उत्तरेकडे केली. उत्तरेकडून गार वारा येत होता. ओल्या कपड्यांतून तो थेट हाडांत शिरला आणि ती घाईघाईनं परत फिरली.

सोमवारी नऊ वाजता ती बांधावर गेली. आत्या आली नाही. आपल्याला हसू आवरत नाही, असं तिचं म्हणणं. काका फळीशी उभे होते, हातात पहार. जुना चष्मा त्यांनी खिशात घातला होता.

"आणलास?"

"आणला." भिंगीचे दोन्ही हात दोन खिशांत होते. उजव्यात ओरखड्याची डबी, डाव्यात दुसरी. शेतात पक्षी चरत होते, शिवणयंत्राच्या सुईसारख्या चोची खालीवर करत. मधोमध आत्याचा ताजा रंग लावलेला कुरल, ऐटीत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. "काका, कुरल आलाय."

"असं?" काकांनी तिकडे पाहिलंही नाही. ते तिच्या पायांकडे बघत होते. "दे बघू चष्मा. बघतो."

त्यांनी हात पुढे केला. रुंद तळहात, बोटांच्या पेरांत मुरलेली माती. समोरच्याला चालीवरून ओळखणारा माणूस. डाव्या खिशातली डबी दिली तर शेत राहील. बारा-तेरा दिवस ओलं राहील आणि ही सगळी मंडळी पोटभर खाऊन पुढच्या प्रवासाला निघतील. उजव्या खिशातली दिली तर काय होईल ते तिला माहीत नव्हतं. वडिलांनी डावी दिली असती, घरी जाऊन नक्कल केली असती, आणि पेन्सिलीत खरा नंबर लिहून ठेवला असता. तो पेन्सिलीतला आकडा चार दिवस तिच्या डोळ्यांसमोरून हलला नव्हता.

तिनं उजवी डबी दिली.

काकांनी चष्मा लावला. कान, नाक चाचपून नीट बसवला. मग ते शेताकडे वळले. पहार त्यांनी बांधाला टेकवली.

"ढेकळं चालतायत," ते म्हणाले.

"ते तुतवार आहेत, काका. ते गळ्यात काळा पट्टा असलेले, ते चिखल्या."

"अगं, ते ढेकूळ नाही का? आणि ते? तेही नाही?" ते बांधावर चार पावलं पुढे गेले, मग चार मागे आले. "हे इतके केव्हा आले?"

"दरवर्षी येतात. बाबा तुम्हाला हेच दाखवत होते."

काकांनी हात लांब करून मधोमध बोट दाखवलं.

"तो मात्र उलटा उभा केलास."

"काय?"

"कुरल. हे पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात. नाहीतर पिसं उलटी होतात, गारठा आत शिरतो. तुझ्या वडिलांनीच सांगितलंय मला. ते बघ, आता दिसतंयच की, सगळे तिकडे तोंड करून उभे आहेत, आणि हा एकटा शहाणा वाऱ्याला शेपूट दाखवतोय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पोरी, शेत माझं आहे. माझ्या शेतात काय उभं आहे ते मी जाऊन बघणार नाही? चष्मेवाले मला म्हणायचे, जवळ जाऊ नका हो, फार बुजरा पक्षी आहे. म्हणून दुसऱ्या वर्षी एका दुपारी मुद्दाम गेलो. आजूबाजूचं काहीतरी चिवचिवत उडालं, मला वाटलं चिमण्या. हा काही उडेना. हात लावला, तरी उडेना. म्हटलं, बुजरा बराच दिसतोय."

भिंगीनं ओठ आवळून धरले.

"एकदा वादळात आडवा झाला होता. मी उभा केला. दुसऱ्या दिवशी तुझे वडील इथं उभे राहून मला सांगतात, काय चिवट जात आहे बघा, एवढ्या वादळात जागचा हलला नाही." काकांनी चष्म्याची काडी पुन्हा चाचपली. "मी म्हटलं, हो, कमाल आहे."

"मग पाणी कशासाठी ठेवलंत? लाकडासाठी?"

"एवढा शहाणासुरता माणूस पहाटे चिखल तुडवत येतो, लाकूड रोवतो, घरी जाऊन कपडे बदलतो आणि नऊ वाजता येऊन मला दाखवतो. एखाद्यानं एवढा उपद्व्याप करायचा म्हणजे काहीतरी कारण असणार. मला ते दिसत नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि मग पुढच्या वर्षी आले नसते." काकांनी मागे गोठ्याकडे पाहिलं. "दुकानात तुला म्हटलं ना, यंदा येणार नाही. आणणाराच गेला, म्हटल्यावर कुठून येणार? मग काल पहाटे मी गोठ्याच्या दारात उभा होतो. शेतातून कोणीतरी चाललं होतं. चेहरा काही दिसला नाही मला. चाल दिसली. डावा पाय असा जरा बाहेर फेकत."

भिंगीनं आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. तो जिथं होता तिथंच होता.

"थोडा वेळ मी दाराला धरून उभा राहिलो," काका म्हणाले. "मग तू पडलीस. ते कधी पडले नाहीत. तेव्हा कळलं."

वारा होता म्हणून बरं झालं. डोळ्यांत पाणी यायला कारण लागत नव्हतं. भिंगीनं बाहीनं नाक पुसलं आणि डाव्या खिशातली डबी काढली.

"काका, एक राहिलंय. नऊ वर्षं बाबांनी तुम्हाला नंबर कमी दिला. पाऊण कमी. लाकूड ओळखू येऊ नये म्हणून. हा तसलाच आहे, आत्यानं करायला लावला."

काकांनी तो चष्मा हातात घेतला, प्रकाशाकडे धरला, डोळ्यांवरचा काढून तो लावला, शेताकडे पाहिलं, काढला, आणि खरा पुन्हा लावला. लाकडाच्या पक्ष्यानं त्यांना काही झालं नव्हतं, पण हे लागलं. त्यांचे कान लाल झाले.

"म्हणजे मी त्यांना बनवतोय असं मी समजत होतो, आणि ते मला नऊ वर्षं आंधळं ठेवून..." ते थांबले. मग त्यांच्या पोटातून काहीतरी उठलं आणि खांदे हलू लागले. ते आवाज न करता हसत होते, पहारीला धरून. "चोर," ते म्हणाले. "अट्टल चोर. आणि वर मला म्हणायचे, तुमच्या डोळ्यांत फारसा फरक नाही हो."

"मला माफ करा, काका."

"तू कशाला? तू तर खरा दिलास. तुझ्यात त्यांचे पायच काय ते आलेत." त्यांनी डोळे पुसायला चष्मा काढला आणि लगेच घाईनं लावला, जणू तेवढ्यात शेत कोणी पळवून नेईल. "ही ढेकळं किती दिवस राहतात?"

"बारा. फार तर तेरा."

काकांनी पहार उचलून खांद्यावर टाकली. फळीकडे त्यांनी पाठ केली. "आणि तो?"

"तो तुम्ही म्हणाल तितके दिवस."

"राहू दे त्याला. पण तोंड फिरव त्याचं. उद्या कोणी जाणकार बांधावरून गेला तर माझ्या शेताची अब्रू जाईल."

भिंगी वडिलांचे गमबूट ओढत पाण्यात उतरली. पक्षी उठले, एक मोठा वळसा घेतला, आणि या वेळी फार लांब न जाता तिच्या चहूबाजूंना उतरायला लागले. कुरलापाशी पोचून तिनं सळ्या उपटल्या, त्याला वाऱ्याकडे वळवलं, आणि पुन्हा रोवलं. मागून काकांचा आवाज आला. ते मोठमोठ्यानं मोजत होते.

"एकशे नऊ, एकशे दहा... पोरी, हलू नकोस. तू हललीस की सगळे जागा बदलतात. पुन्हा पहिल्यापासून."

"किती वेळ, काका?"

"मला काय माहीत? मी आजच बघतोय."

ती उभी राहिली. घोटाभर पाण्यात, लाकडी पक्ष्याच्या शेजारी, त्याच्यासारखीच वाऱ्याकडे तोंड करून. एक चिखल्या तुरुतुरु धावत तिच्या बुटापाशी आला, बुटाला एक टोच मारून पाहिली, आणि खाण्यासारखं काही नाही म्हणून पुढे गेला.